खापर शर्यतीच्या माथी कशाला?

फाल्गुनात, उसाचा हंगाम संपत आला होता तेव्हा, निंबर्ग्याजवळच्या एका गावी मातीला गेलो होतो. मुलगा एकवीस वर्षांचा. रात्री आळंदहून घरी येताना त्याची मोटारसायकल पुढं चाललेल्या उसाच्या ट्रॉलीवर मागून धडकली. ट्रॉलीला मागचा दिवा नव्हता. माती देऊन परतल्यावर आम्ही चार-सहा जण देवळाच्या पारावर बसलो. बराच वेळ कोणी बोललं नाही. मग एक वडीलधारे म्हणाले, "ह्या टीव्हीवरच्या रेसांनी पोरं खाल्ली. बंद करायला पाहिजेत त्या." सगळ्यांच्या माना हलल्या. शेजारी बसलेल्या मास्तरांनी भर घातली, "श्रीमंतांच्या पोरांचे खेळ. आपली पोरं बघतात आणि रस्त्यावर करायला जातात."

मी गप्प बसलो. मयताच्या दारात वाद घालायचा नसतो, ही आपली रीत आहे आणि ती चांगली आहे. पण ती दोन वाक्यं माझ्या डोक्यातून गेलेली नाहीत. हेच मी आळंदच्या स्टँडवर ऐकलंय, अक्कलकोटच्या हॉटेलात ऐकलंय, सोलापुरात शिकल्या-सवरल्या माणसांकडून ऐकलंय. आमच्या या सीमेवरच्या मुलखात घरात मराठी, बाजारात कन्नड आणि दोस्तांत दखनी चालते. तिन्ही भाषांत वाक्य मात्र तेच. म्हणून त्या पारावर बोलायचं राहिलं ते आता इथं लिहितो.

माझं म्हणणं सरळ आहे. मोटारसायकल शर्यत म्हणजे बारा आणे तयारी आणि चार आणे वेग. आमच्या रस्त्यावर पोरं मरतात ती वेग आहे आणि तयारी शून्य आहे म्हणून. शर्यतीच्या माथी खापर फोडून आपण ती तयारीच घराबाहेर हाकलतो आहोत, आणि आपल्या पोरांना सगळ्यात जास्त गरज तिचीच आहे.

विरोधकांचं म्हणणं आधी नीट मांडतो. आक्षेप चार आहेत. शर्यती बघून पोरं बिघडतात, हा पहिला. यात खेळ कसला, सगळा जोर इंजिनाचा, हा दुसरा. शर्यतीच्या ट्रॅकवरही पोरं मरतातच की, हा तिसरा. आणि हा पैसेवाल्यांचा नाद आहे, आपल्या कोरडवाहू मुलखाचा त्याच्याशी संबंध काय, हा चौथा. चारही आक्षेपांत थोडं थोडं खरं आहे. तेवढं मान्य करूनच उत्तर द्यायला हवं.

पहिल्या आक्षेपापासून सुरू करू. आत्ता चैत्र चालू आहे. तुरीची रानं मोकळी झालीत, मृगाच्या आत नांगरट उरकायची घाई आहे. अगदी अशीच धांदल या दिवसांत चेन्नई, कोइमतूर, होसूर, बेंगळुरू आणि पुण्याच्या रेसिंग गॅरेजांत असते. राष्ट्रीय मोटारसायकल शर्यतींचा मोसम साधारण पावसाळ्याच्या तोंडाला उघडतो, आणि त्याचं मुख्य ठिकाण म्हणजे चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा हा ट्रॅक १९९०पासून चालू आहे; एक फेरी सुमारे ३.७ किलोमीटरची. पेरणीआधी रान तयार नसेल तर पाऊस कितीही चांगला होऊन उपयोग नाही, हे आपल्याकडं पोराटोराला कळतं. शर्यतीचंही तसंच असतं. मोसम उघडतो तेव्हा निम्मा निकाल लागून गेलेला असतो.

काही वर्षांपूर्वी ओळखीच्या एका मेकॅनिकच्या मागं लागून मी त्या ट्रॅकवर गेलो होतो. गेलो होतो वेग बघायला. पहिला दिवस मात्र गाड्यांच्या तपासणीत गेला. एक एक गाडी ढकलत आणायची, स्टँडवर चढवायची आणि तपासनिसांनी ती वरपासून खालपर्यंत हातांनी चाचपायची. गाडीला आरसे नव्हते, हेडलाइट नव्हता, इंडिकेटर नव्हते, साइड स्टँडसुद्धा काढलेला. मी मेकॅनिकला कारण विचारलं. तो म्हणाला, पडल्यावर काच फुटते, ती रस्त्यावर पसरते आणि मागून येणाऱ्याच्या टायरखाली जाते. इंजिनाच्या तळाशी तेल सोडायचा जो बोल्ट असतो, त्याच्या डोक्याला बारीक भोक पाडून त्यातून तार ओवली होती आणि पीळ देऊन घट्ट बांधली होती. बोल्ट हादऱ्यानं ढिला झाला, तरी तार त्याला फिरू देत नाही. तेलाचे चार थेंब वळणावर सांडले तर मागून येणारा आडवा होईल, म्हणून ही तार. रेडिएटरमधलं कूलंट काढून साधं पाणी भरलं होतं, कारण कूलंट सांडलं की रस्ता निसरडा होतो. इंजिनाखालचं कव्हरही असं बनवलेलं, की इंजिन फुटलंच तर तेल त्यात साठावं.

मी तिथं उभा राहून हिशेब केला. आरसे, तार, पाणी, कव्हर. यातली एकही काळजी स्वतःसाठी नव्हती. सगळी मागून येणाऱ्यासाठी होती. ज्याला हरवायचं आहे, जो आपल्याला हरवायला टपला आहे, त्याचा जीव जाऊ नये म्हणून रात्र रात्र जागून तार ओवायची, याला शर्यतीची तयारी म्हणतात. आणि आमच्या रस्त्यावर, उसाच्या ट्रॉलीला मागं एक लाल दिवा लावायचं कोणाला सुचलं नाही. निदान दहा रुपयांची चमकणारी पट्टी तरी? तीही नाही. मागून कोणी येत असेल, हा विचार ज्या रस्त्यावर कोणाच्या मनात येत नाही, त्या रस्त्यानं त्या मुलाला खाल्लं. मग खापर शर्यतीवर कसं फोडता?

त्या दिवशी हेल्मेटची तपासणीही पाहिली. तपासनीस हेल्मेट हातात घेऊन फिरवतो, मानांकनाचा शिक्का बघतो, आतलं थर्माकोल दाबून बघतो, पट्ट्याच्या दोन कड्या ओढून बघतो. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून चकचकीत दिसत असलं तरी बाद, कारण आतला थर एकदाच मार झेलतो. एका मुलाचं हेल्मेट असंच बाद झालं. डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. पण त्यानं हुज्जत घातली नाही, त्याच्या वडिलांनीही घातली नाही. कोणाची ओळख निघाली नाही, कोणाला फोन लागला नाही. दुसरं हेल्मेट मिळेपर्यंत तो मुलगा ट्रॅकवर उतरला नाही.

मग झेंडे. प्रत्येक वळणावर मार्शल उभे. पिवळा झेंडा हलला की पुढं धोका आहे, ओव्हरटेक करायचं नाही. केलंत तर शिक्षा. पिवळ्यावर तांबडे पट्टे असले की रस्ता निसरडा. निळा म्हणजे मागून जास्त वेगाचा रायडर येतोय, त्याला वाट द्या. लाल म्हणजे शर्यत थांबली. ताशी दीडशेच्या वेगात असलेला मुलगा बाजूचा एक फडका बघून मुकाट्यानं वेग उतरवतो. आमच्याकडं शाळेसमोरच्या गतिरोधकाला कोणी जुमानत नाही.

आता मान्य करायचं ते मान्य करतो. आमची पोरंही आरसे काढतात. सायलेन्सर बदलून गल्ली हादरवतात, जत्रेच्या मिरवणुकीत पुढचं चाक उचलतात, ट्रिपल सीट बसून कट मारतात. यातलं काही त्यांनी शर्यत बघून उचललंय, हे खरं आहे. पण जे दिसलं तेवढंच त्यांनी उचललं. ओवलेली तार टीव्हीवर दिसत नाही. बाद झालेलं हेल्मेट दिसत नाही. ते दाखवायचं, समजावायचं काम मोठ्या माणसांचं होतं. कुस्ती बघून पोरं गल्लीत एकमेकांची मानगूट धरतात, तेव्हा आपण कुस्ती बंद करा म्हणत नाही. "चल, वस्तादांकडं चल," म्हणतो. मोटारसायकलच्या बाबतीत वस्तादाकडं नेण्याऐवजी आपण वस्तादालाच शिव्या देतो आहोत.

आकडेही बघा. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. त्यांत दुचाकीवरची ७४,८९७. हेल्मेट नसताना मेलेले ५०,०२९, आणि त्यांतले १४,३३७ मागं बसलेले. मागं बसलेल्यांनी काय शर्यत लावली होती? त्यांत कोणाची आई असेल, कोणाची बायको असेल, लग्नाहून परतणारा मावसभाऊ असेल. कर्नाटकात मागं बसणाऱ्यालाही हेल्मेटची सक्ती २०१६ पासून आहे. निंबर्गा ते आळंद असा रस्ता एकदा सकाळी उभं राहून बघा, किती मागच्या डोक्यांवर हेल्मेट आहे ते मोजा. मी मोजलंय. एका हाताची बोटं पुरली.

कायदा या बाबतीत आपल्यापेक्षा शहाणा आहे. मोटार वाहन कायद्याचं १८९वं कलम सार्वजनिक ठिकाणी राज्य सरकारच्या लेखी संमतीशिवाय वाहनांची शर्यत लावणं गुन्हा ठरवतं. २०१९च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड आहे. रस्त्यावरची शर्यत आणि संमतीची शर्यत यांतला फरक कायद्यानंच केला आहे. त्याच दुरुस्तीनं अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी देणाऱ्या पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड ठेवला. आठवीतल्या पोराच्या हाती किल्ली देऊन "जा, किराणा घेऊन ये" म्हणणारे आपण, आणि बिघडवलं कोणी तर टीव्हीनं!

बैलांच्या शर्यतीचं उदाहरण तर ताजंच आहे. २०१४मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बंदी घातली तेव्हा महाराष्ट्रापासून कर्नाटकापर्यंत शेतकरी एकच गोष्ट सांगत होते: बंदी नको, नियम करा. तपासणी लावा, परवानगी लावा, बैलाला त्रास देणाऱ्याला शिक्षा करा, पण खेळ मारू नका. १८ मे २०२३ला घटनापीठानं तमिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्राचे कायदे उचलून धरले. आपल्या बैलांसाठी जो न्याय मागितला आणि मिळवला, तोच आपल्या पोरांसाठी मागायला आपली जीभ का अडखळते?

दुसरा आक्षेप तालमीतल्या माणसांकडून येतो. घोडा पळतो, स्वार बसतो. गाडी पळते, पोरगं बसतं. यात घाम कुठं आहे? यावर मी त्यांना सप्टेंबर २०२३ची गोष्ट सांगतो. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर मोटोजीपीची जागतिक शर्यत पहिल्यांदाच भारतात झाली. उकाडा इतका, की फेऱ्या कमी कराव्या लागल्या. शर्यत इटलीच्या मार्को बेझेकीनं जिंकली. दुसरा आलेला स्पेनचा होर्गे मार्टिन शरीरातलं पाणी संपून शर्यतीनंतर कोसळला. तो जगातल्या सगळ्यात तयार शरीरांपैकी एक. इंजिन पळत होतं, मग घाम कोणाचा गेला?

वळणावर गाडी झोपवायची म्हणजे गुडघा आणि कोपर जमिनीला टेकेपर्यंत स्वतःचं अंग गाडीबाहेर काढायचं, पुढच्या क्षणी उलट बाजूला न्यायचं, आणि सरळ आल्यावर ब्रेक लावताना सगळ्या अंगाचा भार मनगटांवर झेलायचा. हे एकदा करून भागत नाही, प्रत्येक फेरीत करायचं. हाताचे पुढचे स्नायू सुजून इतके ताठ होतात की ब्रेकचा दांडा दाबला जात नाही. कित्येक रायडरांना त्यासाठी शस्त्रक्रिया करून घ्यावी लागते. म्हणून मोसमाआधी हे लोक सायकल चालवतात, पोहतात, मानेचे आणि पोटाचे व्यायाम करतात, वजन किलोनं नाही तर ग्रॅमनं बघतात. जत्रेच्या मैदानाआधी पैलवान चार महिने जोर-बैठका आणि खुराक सांभाळतो, तसं. मातीतल्या माणसानं तरी दुसऱ्याच्या मेहनतीला नावं ठेवू नयेत.

आणि वेगाचा मान शिस्तीला असतो, हे आम्हा सीमेवरच्या माणसांना तरी सांगायला नको. बीदरच्या हवाई तळावर हवाई दलाचं सूर्यकिरण पथक १९९६मध्ये उभं राहिलं. नऊ विमानं पंखाला पंख लावून जातात तेव्हा बीदरची माणसं गच्चीवर चढून बघतात. कोणी म्हणत नाही की यानं पोरं बिघडतील. फेब्रुवारी २०१९मध्ये बेंगळुरूला सरावात या पथकाची दोन विमानं एकमेकांना लागली आणि एक वैमानिक गेला. तरीही त्या वैमानिकांना कोणी उडाणटप्पू म्हटलं नाही, कारण त्यांच्या प्रत्येक मिनिटामागं किती तासांचा सराव आहे हे सगळ्यांना माहीत आहे. शर्यतीच्या रायडरामागचे तास आपल्याला माहीत नाहीत, एवढाच फरक.

तिसरा आक्षेप सगळ्यात जड आहे, त्याला मी हलकं करणार नाही. ५ ऑगस्ट २०२३ला चेन्नईच्या त्याच ट्रॅकवर राष्ट्रीय शर्यतीत बेंगळुरूचा तेरा वर्षांचा मुलगा पडला आणि गेला. इतका गुणी, की लहान वयातच देशभर नाव झालं होतं. त्या आठवड्याच्या उरलेल्या शर्यती रद्द झाल्या. तेरा वर्षांच्या मुलानं चढाओढीच्या शर्यतीत असावं का? माझं उत्तर नाही असं आहे, आणि इथं मी पारावरच्या वडीलधाऱ्यांच्या बाजूला उभा आहे. त्या वयात शिकावं, मोकळ्या मैदानावर लहान गाडीवर तोल आणि ब्रेक शिकावा. घोळक्यातली शर्यत नको.

पण हेही बघा की मृत्यूनंतर हा खेळ काय करतो. २०२१मध्ये युरोपातल्या शर्यतींत तीन कोवळे रायडर गेले. एक एकोणीस वर्षांचा, एक पंधराचा, एक चौदाचा. जागतिक संघटनेनं विचार केला आणि जागतिक मालिकेतल्या रायडरांचं किमान वय २०२३पासून अठरा केलं. पडताक्षणी फुगून खांदे आणि बरगड्या वाचवणारी एअरबॅग अंगातल्या सूटमध्ये असणं त्यांनी २०१८पासूनच सक्तीचं केलं होतं. भारताचा सी. एस. संतोष जानेवारी २०२१मध्ये सौदी अरेबियाच्या वाळवंटात डकार रॅलीत पडला, डोक्याला जबर मार लागला. हेलिकॉप्टरनं त्याला रियाधच्या इस्पितळात नेलं, डॉक्टरांनी औषधानं बेशुद्ध ठेवलं, आणि तो जगला. वाळवंटाच्या मध्यावर पडलेल्या माणसापर्यंत मदत पोचते, कारण तो पडू शकतो हे गृहीत धरून सगळी तयारी केलेली असते.

आमच्या रस्त्यावर पडलेल्याला कलबुर्गीच्या किंवा सोलापूरच्या इस्पितळापर्यंत न्यायला किती वेळ लागतो, ते ज्यांनी नेलंय त्यांना विचारा. फाल्गुनातल्या त्या मृत्यूनंतर काय बदललं? ट्रॉल्यांना दिवे लागले का? वळणावर पांढरी पट्टी आली का? एकही नियम हलला नाही, एकाही माणसाला कोणी जाब विचारला नाही. शर्यतीतला मृत्यू नियम बदलतो. आमच्याकडं तेरावं होतं आणि विषय संपतो.

आता चौथा आक्षेप, पैशाचा. खरं आहे, हा खेळ स्वस्त नाही. कातड्याचा सूट, बूट, हातमोजे, पाठीचं कवच, चांगलं हेल्मेट, टायर, प्रवेश फी. शेतमजुराच्या घरातून हे निघत नाही. पण त्यावर उपाय खेळातच आहे. एकाच बनावटीच्या गाड्यांची शर्यत म्हणून एक प्रकार आहे. कंपनी सगळ्यांना सारख्या तयार केलेल्या गाड्या देते; निवड चाचणीत ज्याची फेरी जलद त्याला जागा. टीव्हीएस कंपनी अशा शर्यती १९९४पासून घेते. रॉयल एन्फिल्डची ६५० सीसीची शर्यत २०२१मध्ये कोइमतूरच्या करी मोटर स्पीडवेवर सुरू झाली. गाडी कोणाच्या बापाची, हा प्रश्नच तिथं उरत नाही. हरिथ नोहा हा केरळातल्या शोरनूरचा, रेल्वे जंक्शनमुळं ओळखल्या जाणाऱ्या लहान गावचा. जानेवारी २०२४च्या डकार रॅलीत त्यानं आपला 'रॅली २' गट जिंकला आणि सगळ्यांमध्ये अकरावा आला. बेंगळुरूची ऐश्वर्या पिस्से हिनं २०१९मध्ये बाहा प्रकारच्या शर्यतींत महिलांचा जागतिक चषक आणला. ही नावं आमच्या पोरांना माहीत नाहीत, कारण घरात शर्यतीचा विषय निघाला की आपण टीव्ही बंद करतो.

आणि आपल्या मुलखाचा संबंध काय, हा प्रश्न तर मला समजतच नाही. ऑस्ट्रियाच्या केटीएमच्या लहान गाड्या पुण्याजवळ चाकणला बनतात आणि जगभर जातात. बजाजच्या गाड्या चाकणला आणि वाळूजला बनतात. सोलापूर, लातूर, धाराशिव आणि आमच्या आळंद-बसवकल्याणची किती पोरं त्या कारखान्यांत खपताहेत! जोडायला आपले हात चालतात, पळवायला मात्र आपण लायक नाही, हे कोणी ठरवलं? जानेवारी २०२४मध्ये बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडा संकुलात मातीचे उंचवटे रचून सुपरक्रॉसच्या नव्या लीगची पहिली फेरी झाली. त्यात कोल्हापूरचा मोहितेज रेसिंग हा संघ होता. पुण्याच्या ऋग्वेद बारगुजेसारखे मराठी रायडर या खेळात वर्षानुवर्षं घाम गाळताहेत. ज्या कोल्हापुरानं कुस्ती जपली, त्याच कोल्हापुरातून मोटारसायकलचा संघ उभा राहतो, यात मला काही विसंगत वाटत नाही.

मग मागणी काय? निंबर्ग्यात चेन्नईसारखा ट्रॅक बांधा, असं मी म्हणत नाही. ते शक्य नाही आणि त्याची गरजही नाही. सुपरक्रॉस आणि मोटोक्रॉस हे मातीवरचेच खेळ आहेत. आमच्याकडं मुरूम आहे, माळ आहे, माघ ते वैशाख रिकामी रानं आहेत. कलबुर्गी आणि बीदर जिल्ह्यांत, शेजारच्या सोलापुरातही, एकेक माळ असा राखावा जिथं शिकवणारा असेल, पहिल्या दिवशी हेल्मेट तपासलं जाईल, कडेला रुग्णवाहिका उभी असेल आणि पोलिसांची लेखी परवानगी भिंतीवर टांगलेली असेल. वर्षातून दोनदा चार दिवसांचं शिबिर झालं तरी पुष्कळ. त्यातून राष्ट्रीय रायडर निघाला तर आनंदच. नाही निघाला, तरी ब्रेक कसा लावायचा, नजर कुठं ठेवायची, हे शिकलेली पन्नास पोरं आमच्या रस्त्यावर परत येतील. मुंबई-चेन्नई रेल्वेमार्ग कलबुर्गीवरूनच जातो. ज्याच्यात दम असेल त्याला चेन्नईच्या ट्रॅकपर्यंत पोचायला एक रात्र पुरते.

साखर कारखान्यांच्या कारभाऱ्यांना माझं एक वेगळं सांगणं आहे. येत्या हंगामात मागचा दिवा आणि चमकती पट्टी नसलेली ट्रॉली काट्यावर घेऊ नका. इरुंगट्टुकोट्टईला तपासनीस जसा एका हेल्मेटसाठी मुलाला बाहेर उभा करतो, तसं तुम्ही ट्रॉलीला बाहेर उभं करा. एक दिवस आरडाओरडा होईल, दुसऱ्या दिवशी दिवे लागतील.

आणि पारावरच्या वडीलधाऱ्यांना, हात जोडून: तुमचं दुःख खरं आहे, ते माझंही आहे. फक्त राग योग्य ठिकाणी जाऊ द्या. नातवाला शर्यत बघू द्या, त्याच्याशेजारी बसून तुम्हीही बघा. तो आरसे काढायला निघाला तर त्याला त्या तारेची गोष्ट सांगा. नवी गाडी घेऊन द्याल तेव्हा किल्लीआधी हेल्मेट द्या आणि पट्टा बांधलाय का, ते स्वतः ओढून बघा.

त्या दिवशी माती देण्याआधी मी त्या घरात गेलो होतो. आतल्या खोलीत, खुंटीला, गाडीबरोबर शोरूममधून मिळालेलं हेल्मेट टांगलेलं होतं. त्यावरची प्लॅस्टिकची पिशवी अजून काढलेली नव्हती.